मुतेवेक्वीतला परका दाणा

मुतेवेक्वी नदीकाठ, ऑक्टोबर

प्रिय रुनेसू,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर फाड. काल मी चिरेद्झीच्या बसच्या कंडक्टरला हे पत्र नेशील का विचारायला गेले, तर तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "ताई, आजकाल पत्र कोण लिहितं? फोन लावा की." त्याला काय सांगणार, की ज्याला लावायचा त्याने माझा नंबर केव्हाच बंद करून टाकलाय? मी म्हटलं, "दादा, फोनवर मावणारं नाही. कुरणांवर गुरांना औषधाच्या टाक्यातून काढतो तो रुनेसू, त्याच्याच हातात द्या." तो म्हणाला, "त्याच्या हाताला फिनेलचा वास येतो, तोच ना?" तुझी तिकडे एवढी ओळख झाली आहे हे ऐकून बरं वाटलं.

आधी जे आपल्याला दोघांनाही माहीत आहे ते लिहून टाकते, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं व्हायला नको. थोरल्या काकांनी तुझ्या मध्यस्थाला अंगणातूनच परत पाठवलं. तुझं देवक मोयो, म्हणजे हृदय, जे आपण खायचं नसतं; आमचंही तेच. तुझं पोटनाव चिरांदू, आमचंही चिरांदू. अशा घरात मुलगी मागणं म्हणजे भावाने बहीण मागणं. नातं तोडणारी गाय देऊन हा तिढा सोडवता येतो हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. तुझ्या लोकांनी गाय देऊही केली होती, पण गायीचं नाव निघताच काका उठून आत गेले. तू मग चिरेद्झीची नोकरी धरलीस. आता ऐकते की तुझ्या आईने तिकडेच एक मुलगी पाहिली आहे आणि नोव्हेंबर लागायच्या आत तिच्या घरी मध्यस्थ जायचा आहे, कारण एकदा तो महिना लागला की लग्नाचं बोलणं कुणी काढत नाही. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, एवढंच सांगते.

पण मी आधी माझ्या दाण्यांबद्दल लिहिणार आहे. मी काही सांगायला लागले की तू म्हणायचास, "शमिसो, गाय दाखव, गोठा नंतर." आज गाय गोठ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात बांधली आहे, तेव्हा तुला गोठ्यातून यावंच लागेल. आणि खरं सांगू, गेल्या काही महिन्यांत मी इतकी आनंदात आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि असं काही झालं की मला पहिल्यांदा तूच आठवतोस. त्याला माझा इलाज नाही.

तुझ्या मावसभावाच्या लग्नातली ती पंगत आठवते? साद्झाचे, मक्याच्या घट्ट उकडीचे, डोंगर, आणि बायका आतड्या-काळजाचं भांडं फिरवत होत्या. तुझ्यापुढे आलं तेव्हा तू हृदयाचे तुकडे बोटाने हळूच कडेला सारलेस. माझ्यापुढे आलं, मीही सारले. वाढणारी ती जाडी बाई म्हणाली, "काय रे, दोघंही एकाच तुकड्याला नाक मुरडताय. नवराबायको आहात की भाऊबहीण?" सगळी पंगत हसली. तूही हसलास आणि माझ्याकडे बघितलंस. बाकीच्यांना त्या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत होतं, आणि आपण दोघं नेमकं दुसरं द्यायला निघालो होतो. आपलं देवक एक आहे हे आपल्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, तरी आपण पुढे गेलो. मला त्याचा पस्तावा नाही.

तर दाणे. तू गेलास तेव्हा मी विद्यापीठातल्या संशोधनासाठी नदीतली वाळू पाटीत घोळवायला नुकती लागले होते. आपल्या गावामागची डाइक नावाची डोंगररांग प्लॅटिनमने भरलेली आहे हे शाळेतलं पोरही सांगतं; खाणी तिथेच आहेत. पण नदीच्या गाळातही प्लॅटिनमचे करडे दाणे सापडतात, नाचणीहूनही बारीक. ते आले कुठून, हा माझा प्रश्न. तुला वाटेल हा काय प्रश्न झाला, डोंगरातून घरंगळत आले असतील. मलाही तसंच वाटायचं. पण आमचे प्राध्यापक मावुरा म्हणतात, नाही. त्यांचं म्हणणं असं की डोंगरातला प्लॅटिनम पावसापाण्यात विरघळला, वाहून आला, आणि गाळात झाडांच्या मुळांच्या संगतीने नव्याने जमला. "शमिसोबाई," ते वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचे, "हे दाणे डोंगराचे नातू नाहीत. नदीच्या पोटची पोरं आहेत ती. तुम्ही उगाच त्यांना आजोबा चिकटवताय." वर्ग हसायचा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. माझं तर पोटच नदीचं मूळ विचारण्यावर चालतं.

आता एवढा एक परिच्छेद नीट वाच, मग सुटलास. प्लॅटिनमच्या दाण्यात ऑस्मियम नावाचा धातू असतो. हा ऑस्मियम सगळा एकसारखा नसतो. त्याचे काही अणू हलके, काही जरा जड. त्यातली एक जात रेनियम नावाच्या दुसऱ्या धातूपासून तयार होते, आणि तीही इतकी सावकाश, की माणसाच्या सगळ्या पिढ्या संपल्या तरी काटा हललेला दिसू नये. धरतीच्या पोटात रेनियम आहे, म्हणून तिथल्या ऑस्मियममध्ये ती जात युगानुयुगे वाढत जाते. पण दाणा एकदा खडकात जन्मला की त्याच्या आत रेनियम जवळपास नसतोच. मग वाढणार काय? जन्माच्या वेळी जे प्रमाण मिळालं तेच त्याच्या अंगात कायमचं राहतं. नदीने वाहून नेलं, उन्हाने तापवलं, तरी ते बदलत नाही. प्रमाण जितकं कमी, तितका जन्म जुना. आणि दाणे खरंच गाळात नव्याने जमले असते, तर त्यांच्यात आजूबाजूच्या जुन्या खडकांचं, मातीचं ऑस्मियम शिरलं असतं. प्रमाण भलतंच जास्त आणि दर दाण्याचं वेगळं आलं असतं. म्हणजे दाण्याला फक्त विचारायचं, तुझं देवक काय? आपल्याकडे पाहुणा दारात आला की विचारतात तसंच.

विचारायला मात्र जोहान्सबर्गला जावं लागलं. तिथल्या यंत्रावर केलेबोगीले नावाची त्स्वाना जमातीची बाई असते. दाणे राळेत बसवून गुळगुळीत घासलेले, त्यांच्यावर ती लेसरची बारीक ठिणगी सोडते. जे उडतं ते यंत्र तोलतं. मी तिच्या खुर्चीमागे उभी, नखं खात. पहिला दाणा. कमी प्रमाण, डोंगरातल्या खनिजाचं असतं अगदी तेवढं. दुसरा, तेच. तिसरा, तेच. केलेबोगीले मागे न बघता म्हणाली, "बाई, माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस, दाणे पळून नाहीत जात." मी बाहेरच्या बोळात जाऊन नाचले, रुनेसू. रखवालदाराने विचारलं, "काय, बाळ झालं का?" मी म्हटलं, "हो मामा, खूप झाली, आणि सगळी अडीच अब्ज वर्षांहून मोठी." दाणे डोंगराचेच होते. नदीने त्यांना जन्म दिला नव्हता, नुसतं कडेवर घेऊन खाली आणलं होतं.

मग केलेबोगीलेने आत हाक मारली. "तुझा एक पाहुणा वेगळंच काहीतरी सांगतोय, ये बघ." एका दाण्याचं प्रमाण बाकीच्यांहून आणखी खाली होतं. थोडंथोडकं नाही, पुष्कळ. म्हणजे हा दाणा डोंगराच्या कितीतरी आधी जन्मलेला. डाइकची रांग नव्हतीच तेव्हा हा होता. दिसायला बाकीच्यांसारखाच, तोच करडा रंग, तोच घासून गोल झालेला आकार, एकाच पाटीत सापडलेला. इतका जुना खडक आपल्या बाजूला एकाच ठिकाणी आहे, पश्चिमेला शुरुग्वीच्या टेकड्यांत, जुन्या क्रोमच्या खाणी आहेत तिथे. मी प्राध्यापकांना फोन लावला, आणि बाकी सगळं कौतुक बाजूला ठेवून त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाटी धुतली होती का? तीच पाटी तुम्ही मुलांच्या सहलीला शुरुग्वीला नेली होती. तो दाणा नाही, मळ आहे. तुमच्या पाटीतला मळ." माझं घोडं तिथेच अडलं. पाटी मी घासली होती, पण शपथेवर सांगायची वेळ आली तर? एका मळक्या पाटीमुळे बाकीच्या दाण्यांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

म्हणून मी बाजारातून कोरी पाटी घेतली आणि गावी आले, पुन्हा नदीत उतरायला. सोबत आली सेकेसाई आत्या. तिला ओळखतोस, तुझ्या मध्यस्थाला काकांनी हाकललं तेव्हा त्याला मागच्या दाराने माहेऊची आंबील पाजून पाठवणारी तीच. तरुणपणी तिने या नदीत सोनं घोळवलंय, अजून हात बसलेला आहे. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात, ती पाटी फिरवतेय आणि तोंडही फिरवतेय. "दाणा कुठला हे विचारायला तुला जोहान्सबर्ग लागतं होय? मी तर माणूस कसा चालतो ते बघून त्याची आजी सांगते."

मी म्हटलं, "मग ऐक आणि सांग." आणि तिला त्या परक्या दाण्याची गोष्ट सांगितली. की तो शुरुग्वीकडून आला असावा, इथल्या दाण्यांत मिसळला, त्यांच्याबरोबर घासला गेला, आता कुणी बघून ओळखू शकत नाही. आतलं ऑस्मियम तेवढं वेगळं. आत्याची पाटी थांबली.

"म्हणजे हा इतरांच्यात बसतो, आणि मीही इथलाच म्हणतो?"

"तो कुठे काय म्हणतो आत्या. आपणच म्हणतो."

ती हसायला लागली. तुला तिचं हसणं माहीत आहे, पलीकडच्या काठावरची बकरी दचकते. हसता हसता ती वाळूवर बसली, कमरेच्या कापडाने डोळे पुसायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की हे हसणं केव्हाच संपलंय. मग ती म्हणाली, "माझे बाबा चोरून हृदय खायचे. तुझे आजोबा."

मला वाटलं ऊन लागलं हिला. म्हटलं, "भूक लागली असेल कधीतरी."

"भूक नाही गं. चव. गाय कापली की म्हणायचे, तुम्ही जा, मी भाजतो. एकदा मी चुलीमागे लपून पाहिलं. डोळे मिटून खात होते. मला पाहिलं आणि लहान पोरासारखे घाबरले. म्हणाले, सेकेसाई, लहानपणी लागलेली चव सुटत नाही, पण तू कुणाला सांगू नकोस. नाहीतर मोठ्या माणसाचा शब्द खोटा पडेल."

मग तिने सगळं सांगितलं. आजोबा मोयो नव्हतेच. ते फिरी कुळाचे, दूर उत्तरेकडच्या न्यासालँडचे. शुरुग्वीच्या क्रोमच्या खाणीत कामाला म्हणून पायी चालत आलेले. हो, शुरुग्वीच्याच. हे ऐकता ऐकता माझी पाटी कलली, घोळवलेली अर्धी वाळू वाहून गेली. खाणीत छाती धरली, खोकला लागला, तसं कामावरून काढलं. घरी परत चालत जाण्याइतका दम नव्हता. इथल्या मुखियाने त्यांना घरात घेतलं, चटई दिली, बरे झाल्यावर नदीकाठचं शेत दिलं. आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "आजपासून हा माझा धाकटा भाऊ. मोयो चिरांदू. जो याच्या पोरांना परकं म्हणेल त्याने माझ्या हृदयाला परकं म्हटलं." तो मुखिया म्हणजे तुझे पणजोबा, रुनेसू. तुला हे माहीत नाही याची मला खात्री आहे; तुझ्या वडिलांनाही नाही. ज्यांनी ते ऐकलं ते सगळे गेले. तुझ्या पणजोबांनी शब्द असा पाळला की स्वतःच्या मुलांनाही सांगितलं नाही.

त्या दिवशी मी अंगणातून तुझ्या मध्यस्थाची पाठ बघत होते तेव्हा मला एकच वाटत होतं, की काकांना तू आवडत नाहीस. गुरांच्या टाक्यावरचा माणूस आपल्या शिकलेल्या पुतणीला नको. तुलाही तेच वाटलं असणार, आणि म्हणूनच तू नंबर बंद केलास. तसं नव्हतं. गाय दिली की काय करावं लागतं ते आठव. दोन्ही घरांचे मोठे उभे राहतात आणि आपापली वंशावळ मोठ्याने म्हणतात, बाप, आजा, पणजा, जिथे दोन घरं एका माणसात मिळतात तिथपर्यंत. मग त्या जागी नातं तुटलं असं म्हणायचं आणि गाय सोडायची. तुझे वडील अर्धा तास म्हणत राहिले असते. आणि आमचे काका? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि पुढे गप्प. म्हणून ते उठून गेले. आणि म्हणूनच देवकाच्या बाबतीत सगळ्या गावात आमचंच घर नाकाने कांदे सोलत आलं. मी एकदा शाळेत हृदयाचा तुकडा चुकून गिळला होता तर काकांनी मला ओकायला लावलं होतं; तेव्हा मला ते देवभोळे वाटले होते.

आधी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, सुटलो. देवकच एक नाही, मग कसली बहीण आणि कसली गाय? मी आत्याला तसं म्हटलंही. ती ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "वा गं शहाणे. ज्याने नाव दिलं त्याच्याच दारात जाऊन सांगणार, हे घ्या तुमचं नाव परत, आता तुमचा पोरगा द्या? मेलेला माणूस उठून बसेल." आणि तिने आणखी एक केलं. रविवारी शेजारी गाय कापली, तिथून हृदयाचा भाजलेला तुकडा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "खा. तुझ्या आजोबांची चव." मी उचलला, रुनेसू. तोंडापर्यंत नेला. आणि नाही खाऊ शकले. कुणी अडवलं नव्हतं, काका घरात नव्हते, आता तर मला तसा हक्कही होता. माझ्या जिभेनेच नको म्हटलं. आत्या म्हणाली, "बघ. म्हणजे नाव मुरलंय." आणि तो तुकडा तिने कुत्र्याला टाकला, कारण तिलाही तो खाता आला नाही.

वाळू मी केलेबोगीलेकडे पाठवली होती. दोनेक आठवड्यांनी तिचा निरोप आला. कोऱ्या पाटीतले बहुतेक दाणे डोंगराचेच, पण त्यांत दोन पुन्हा तसेच, जुने, शुरुग्वीच्या खडकाशी जुळणारे. खाली तिने लिहिलं होतं, "तुझे पाहुणे कुटुंबासकट आलेत." मी प्राध्यापकांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत आकडे बघितले. म्हणाले, "शमिसोबाई, माझी इतक्या वर्षांची व्याख्यानं तुम्ही पाण्यात घातलीत." आणि मग असे हसले की मला ते पहिल्यांदाच आवडले. म्हणाले, "तो परका दाणा तर सगळ्यात मोलाचा. त्याच्यामुळे कळलं की ही नदी आपण समजत होतो त्यापेक्षा किती लांबून गाळ गोळा करत आली आहे." पुढच्या वर्षी केपटाउनच्या परिषदेत मला हे मांडायचं आहे. हे वाचून तू हसतोयस ना? हस. मलाही रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हसूच येतं.

हा निरोप घेऊन मी तशीच गावी आले. काका चर्चहून येऊन उंबराखाली बसले होते. आत्याने गुडघे टेकले, टाळ्या वाजवून त्यांचा मान केला आणि सरळ म्हणाली, "दादा, पोरीला कळलंय." काकांचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?" आत्या म्हणाली, "एका दाण्याने." काका माझ्यावर उसळले, "शाळा शिकवली ती घरची थडगी उकरायला? उद्या मी त्या घरापुढे उभा राहू? दोन नावं घेऊ आणि मुक्यासारखा बघत राहू? पोरंटोरं फिदीफिदी हसतील. म्हणतील, बघा, इतकी वर्षं आमच्यात बसून जेवला."

मी वाद घातला नाही. त्यांना दाण्याची गोष्ट सांगितली, तुला सांगितली तशीच, पाटीपासून. प्राध्यापकांनी त्या दाण्याला मळ म्हटलं ते सांगितलं, आणि कोऱ्या पाटीतही तो पुन्हा निघाला ते सांगितलं. काका जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पाटी स्वच्छ होती?"

"हो काका. स्वच्छ होती."

"आणि तो मळ नव्हता."

"नव्हता, काका."

"त्या शिकलेल्या माणसाने मान्य केलं? तोंडाने?"

"तोंडाने. आणि म्हणाले, सगळ्यात मोलाचा तोच."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग ते आत्याला म्हणाले, "बाबा कसे चालायचे आठवतं तुला? उजवा पाय जरा ओढत. सगळं न्यासालँड त्या पायात होतं." आणि दोघं भाऊबहीण आपल्या बापाबद्दल बोलत बसले, ऊन कलेपर्यंत, जणू त्यांना इतकी वर्षं तो माणूस कुणी दिलाच नव्हता. मी चहा करून आणला तो तसाच गार झाला.

तर आता गाय. काका तयार आहेत. गाय घेतील, वंशावळ म्हणतील, स्वतःच म्हणतील, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही. त्यांची एकच अट आहे, आणि हे पत्र मी त्या अटीसाठी लिहिते आहे: तुला आधी कळलेलं असावं. तुझ्या आईच्या मध्यस्थाचे पाय त्या दुसऱ्या घरी लागले असतील तर ह्याच कंडक्टरबरोबर एक ओळ पाठव; मी तुला दोष देणार नाही, मात्र रडेन पुष्कळ, तेही लपवत नाही. लागले नसतील, तर ये. मला तू हवा आहेस, पहिल्या पंगतीपासून हवा आहेस. नोव्हेंबर लागायच्या आत ये, आणि गाय तूच निवड, गायीतलं मला काही कळत नाही. तुझे वडील त्यांची लांबलचक नावं म्हणतील. मग काका उठतील. स्वतःचं नाव घेतील. मग म्हणतील, माझा बाप फिरी, शुरुग्वीच्या खाणीतून आजारी होऊन आलेला, ज्याला या घराने चटई दिली. आणि थांबतील. पुढे काही नाही. अंगणात सगळे एकमेकांकडे बघतील, कुणाला कळणार नाही संपलं की विसरले. तेव्हा तू खाली बघू नकोस, रुनेसू. कुणी हसायच्या आत तळहात खोलगट कर आणि सगळ्यात आधी तू टाळी वाजव, सावकाश, सगळ्यात लांब वंशावळ संपल्यावर वाजवतात तशी.

तुझीच,
शमिसो,
फिरीची नात, मोयो चिरांदूंच्या घरची